ट्रकची फिर्याद आणि कारागिराचा निवाडा

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 ज्या बडोद्यावरून जातो, ज्या शहराजवळ कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 पासून चालू आहे आणि ज्याच्या दक्षिणेस मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत पसरली आहे, तेथे मालवाहू ट्रकांच्या ताफ्यावर किती प्रपंच अवलंबून आहेत हे वेगळे सांगावयास नको. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे वाहनांच्या धुराविषयीचे मानदंड देशभर अमलात आले, डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 50 वरून 10 वर आली, आणि धुराच्या शुद्धीकरणाची नवी यंत्रणा इंजिनास जोडली गेली. परंतु बिघाडाविषयीच्या कित्येक समजुती जुन्याच राहिल्याने मालकाचा पैसा आणि चालकाची खेप दोन्ही वाया जातात.

गैरसमज : स्कॅनरने दाखविलेला कोड म्हणजेच बदलावयाचा भाग.

वस्तुस्थिती : अवजड वाहनांत बहुधा जे-1939 या संकेतप्रणालीचा अवलंब केलेला असतो आणि तिच्या प्रत्येक कोडात दोन मुख्य आकडे असतात : एसपीएन हा कोणत्या मोजमापाविषयी तक्रार आहे ते सांगतो, एफएमआय हा तक्रारीचे स्वरूप सांगतो. एसपीएन 102, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, याच्यासोबत एफएमआय 18 आला तर दाब अपेक्षेपेक्षा खरोखरच कमी आहे असे समजावे. मग टर्बोवर हात टाकण्यापूर्वी फाटलेला होस, ढिली क्लॅम्प, गळका इंटरकूलर आणि तुंबलेला एअर फिल्टर यांची तपासणी क्रमाने करावी. त्याच 102 सोबत एफएमआय 4 आला तर सेन्सरकडून येणारे व्होल्टेज प्रमाणाबाहेर खाली गेलेले असते, आणि तेव्हा शोध वायरिंग, कनेक्टर व सेन्सर यांच्याकडे वळला पाहिजे. कोड ही यंत्राची फिर्याद आहे. तिची शहानिशा करून निवाडा देण्याचे काम कारागिराचेच राहते.

गैरसमज : कोड पुसला की दोष गेला.

वस्तुस्थिती : मूळ कारण कायम असेल तर नियंत्रक पुढच्या तपासणीत तोच कोड पुन्हा नोंदवितो. शिवाय दोष उद्भवला त्या क्षणीचा वेग, तापमान व भार यांची जी नोंद त्याच्या दप्तरात असते, ती कोडाबरोबरच नाहीशी होण्याचा संभव असतो. म्हणून सर्व नोंदी वहीत उतरवून घेतल्याशिवाय कोड पुसू नयेत.

गैरसमज : शेतीचा युरिया पाण्यात विरघळवला की डीईएफ तयार होते.

वस्तुस्थिती : डीईएफ, म्हणजे धुराच्या शुद्धीकरणासाठी वापरले जाणारे द्रावण, यात 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षाररहित पाणी असते. त्यापासून निर्माण होणारा अमोनिया धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन व पाणी यांत करतो. देशात तयार होणाऱ्या शेतीच्या युरियाला 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचे आवरण बंधनकारक आहे. ते आवरण, युरियातील इतर अशुद्धी आणि नळाच्या पाण्यातील क्षार नोझल बुजवितात व महागड्या उत्प्रेरकाचा कायमचा नाश करतात. साठवणुकीचीही दक्षता हवी : 25 अंशांत सुमारे 18 महिने टिकणारे हे द्रावण 35 अंशांत सुमारे 6 महिनेच टिकते, आणि बडोद्याचा उन्हाळा त्याहून पुष्कळ तप्त असल्याने कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणे इष्ट नाही.

गैरसमज : काजळीचा फिल्टर वारंवार तुंबतो, तेव्हा तो काढून टाकणेच बरे.

वस्तुस्थिती : साठलेली काजळी जाळण्यासाठी फिल्टरला सुमारे 550 ते 600 अंशांची उष्णता लागते, जी शहरातील आखूड खेपांत क्वचितच लाभते, आणि ही प्रक्रिया चालू असताना चालकाने इंजिन बंद केले तर काम अपुरे राहते. तरीही तुंबणे थांबत नसेल तर गळका इंजेक्टर, तेल सोडणारा टर्बो किंवा अयोग्य प्रतीचे इंजिन ऑइल यांचा शोध घ्यावा. फिल्टर काढणे हे कायद्याविरुद्ध आहेच, शिवाय त्याने मूळ दोष तसाच राहतो.

गैरसमज : संगणकाच्या युगात जुन्या मिस्त्रीचे काम संपले.

वस्तुस्थिती : गंजलेला कनेक्टर, सैल अर्थिंग किंवा चोवीस व्होल्टच्या जोडणीतील दोन बॅटऱ्यांपैकी कमजोर झालेली एक, हे सर्व मल्टिमीटर आणि अनुभवी हातच अचूक हुडकतात. अशा हातांना शास्त्राची जोड देण्याचा विचार येथे जुनाच आहे : सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये याच बडोद्यात कलाभवन स्थापिले, आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे देशी भाषेतून तांत्रिक शिक्षण देण्याचा उपक्रम झाला. कारागिरास शास्त्र त्याच्याच भाषेत मिळाले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. आज ताफ्याच्या मालकांनी महागडा स्कॅनर घेताना त्याच्या कोडांचा अर्थ आणि तपासणीचा क्रम मराठीत व गुजरातीत लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावला, तर नव्या यंत्राची नोंद आणि जुन्या मिस्त्रीचा अनुभव एकत्र येतील, आणि न बिघडलेले भाग बदलण्याचा खर्च निश्चितच कमी होईल.