प्रवासासाठी छोटा कॅमेरा : आकडे आणि पारख

२०१० साली जगभरात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले आणि त्यांतील बहुतेक खिशात मावणारे छोटे कॅमेरे होते. २०२४ साली अशा छोट्या कॅमेऱ्यांची संख्या २० लाखांपर्यंतही पोहोचली नाही. मधल्या चौदा वर्षांत मोबाईलने ती बाजारपेठ गिळली. तरीही छोटा कॅमेरा संपला नाही. जे मोजके प्रकार उरले, ते मोबाईलला न जमणारे एखादे काम चोख करतात म्हणूनच उरले. म्हणून आजच्या खरेदीत पहिला प्रश्न ‘कोणता कॅमेरा चांगला?’ हा नसून ‘कोणत्या कामासाठी?’ हा आहे.

व्यापारी घरातला माणूस दुकानात येणारा माल हात लावून, वजन करून, पोत पाहून घेतो. वेष्टनावरच्या छापील शब्दांवर तो विसंबत नाही. तोच माणूस कॅमेरा घेताना मात्र खोक्यावरच्या मेगापिक्सेल आणि झूमच्या मोठ्या आकड्यांना भुलतो. यात पैसा तर जातोच, पण खरे नुकसान दुसरे असते. आजी-आजोबा, मुले, सुना, नातवंडे असा सगळा परिवार एकत्र निघण्याचे प्रवास आयुष्यात मोजकेच घडतात. त्या प्रवासाची धूसर, हललेली छायाचित्रे नंतर कितीही खर्च केला तरी पुन्हा काढता येत नाहीत.

आधी हातातल्या मोबाईलचा विचार

दिवसाच्या उजेडात, समोर उभ्या असलेल्या माणसांचे छायाचित्र घेण्यासाठी चांगल्या मोबाईलला आज वेगळ्या कॅमेऱ्याची गरज राहिलेली नाही. परंतु प्रवासात तोच मोबाईल तिकिटे दाखवतो, रस्ता सांगतो, पैसे देतो आणि दुकानातले फोनही घेतो. दुपारपर्यंत त्याची बॅटरी उतरते. दूरचे दृश्य जवळ आणताना आणि अंधाऱ्या जागेत हलणारी माणसे टिपताना त्याची मर्यादा उघडी पडते. या अडचणी ज्यांना वारंवार येतात, त्यांनीच कॅमेऱ्याचा खर्च करावा. इतरांनी तो पैसा प्रवासासाठीच राखून ठेवावा.

नावाचे माप आणि प्रत्यक्ष माप

कॅमेऱ्यातील सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चौकोनी पट्टी. तिचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितका अधिक प्रकाश तिच्यावर पडतो आणि कमी उजेडातले छायाचित्र तितके स्वच्छ येते. ‘१ इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटर एवढाच असतो. हे नाव जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून चालत आले आहे. लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत त्याहून लहान, सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो. म्हणजे पहिल्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या चौपट भरते. ‘एपीएस-सी’ या प्रकारचा सेन्सर १ इंचीच्याही तिप्पट मोठा असतो. दोन कॅमेऱ्यांत एकच माप ताडून पाहायचे झाल्यास हे पाहावे.

मेगापिक्सेलचे महत्त्व त्यामानाने कमी आहे. ए-४ आकाराच्या कागदावर उत्तम छपाईसाठी सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात आणि आजचे बहुतेक छोटे कॅमेरे १२ ते २४ मेगापिक्सेलचे असतात. लहान पट्टीवर अधिक पिक्सेल कोंबल्याने छायाचित्र सुधारत नाही.

भिंगाचे दोन आकडे

भिंगावर छापलेला पहिला आकडा छिद्राचा असतो : एफ १.८, एफ २.८ वगैरे. हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ १.८ चे भिंग एफ २.८ च्या सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते, तर एफ ६.४ च्या बारापटीहून अधिक. लांब झूमची भिंगे दूरच्या टोकाला एफ ६.४ च्या आसपास पोहोचतात, म्हणून ती भर उन्हातच चांगले काम देतात. संध्याकाळी त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नये.

दुसरा आकडा अंतराचा. २४ मिलिमीटर म्हणजे रुंद दृश्य, २०० मिलिमीटर म्हणजे दूरचे जवळ. झूम किती पट आहे हे विचारताना तो भिंगाचा, म्हणजे ऑप्टिकल आहे ना, याची खात्री करावी. डिजिटल झूम म्हणजे छायाचित्राचा मधला तुकडा कापून ताणणे; ते घरी संगणकावरही करता येते.

जसा प्रवास, तसा कॅमेरा

अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या जपणुकीसाठी फ्लॅशला मनाई आहे आणि आत उजेड अगदी मंद असतो. जुने वाडे, लेणी, संध्याकाळचे घरगुती समारंभ अशा ठिकाणी १ इंची सेन्सर आणि उजळ भिंग हाच खरा उपाय. कॅननचा जी-७ एक्स मार्क ३ (२०१९) हा त्या जातीचा. त्याचे भिंग २४ ते १०० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८ आणि वजन सुमारे ३०० ग्रॅम. सोनीचा आरएक्स १०० मार्क ७ (२०१९) तेवढ्याच वजनात २०० मिलिमीटरपर्यंत पोहोचतो; पण त्याचे भिंग एफ २.८ पासून सुरू होते, म्हणजे अंतर मिळते आणि थोडा प्रकाश जातो. ज्याच्या प्रवासात बंदिस्त जागा अधिक, त्याने पहिला पाहावा; ज्याच्या प्रवासात डोंगर, किल्ले आणि मोकळी दृश्ये अधिक, त्याने दुसरा.

श्रवणबेळगोळची सुमारे ५७ फुटी बाहुबलींची मूर्ती चौकाच्या आतून पूर्ण टिपायची तर मागे सरकायला जागा मर्यादित असते. तेथे झूम कामाचा नाही, २४ मिलिमीटरची रुंदी कामाची. तीर्थस्थानी गाभाऱ्यात छायाचित्रणाचा नियम प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. तो आधी विचारून मगच कॅमेरा बाहेर काढावा.

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीवर मोबाईल नेण्यास बंदी आहे. तेथे लांब झूमचा कॅमेरा खरोखर उपयोगी पडतो. पॅनासॉनिकचा टीझेड ९९ (२०२५) खिशात मावूनही २४ ते ७२० मिलिमीटरपर्यंत जातो. मात्र त्याचा सेन्सर लहान गटातला, महागड्या मोबाईलच्या मुख्य सेन्सरपेक्षाही लहान. जंगल आणि पक्षी यांसाठी तो घ्यावा. रात्रीच्या लग्नसमारंभासाठी घेतल्यास निराशाच पदरी येईल.

कोकणचा समुद्र, धबधबे आणि लहान मुले यांच्यासाठी ओएम सिस्टिमचा टीजी-७ (२०२३) आहे. तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो आणि पडझडही सोसतो. मेगापिक्सेल १२ च असले तरी अल्बमला ते पुरेसे होतात.

झूमशिवाय ज्यांचे अडत नाही असे वाटते, त्यांनी एकदा रिको जीआर ३ (२०१९) हातात घेऊन पाहावा. एपीएस-सी सेन्सर, २८ मिलिमीटरचे एकच भिंग आणि वजन अवघे २५७ ग्रॅम. फुजीफिल्मचा एक्स १०० सहा (२०२४) याच विचाराचा, पण वजनाने दुप्पट आणि किमतीने बराच वर. ज्यांना बाजारपेठा, गल्ल्या आणि माणसांचे चेहरे टिपण्याची खरी आवड आहे, त्यांच्यासाठीच हे दोन्ही. वर्षातून एकदा सहलीला जाणाऱ्या कुटुंबाने त्यांच्या मोहात पडू नये.

खरेदीच्या वेळी

कंपनीची भारतातील हमी आणि पक्के बिल याशिवाय कॅमेरा घेऊ नये. परदेशातून आलेला स्वस्त माल बिघडला की दुरुस्तीतच वाचलेले पैसे जातात. वापरलेला कॅमेरा घेताना भिंगावर प्रकाश टाकून आत बुरशी आहे का ते पाहावे, झूम दोन-चारदा आतबाहेर करावा आणि कोऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून सेन्सरवर धुळीचे डाग आहेत का ते तपासावे. मेमरी कार्ड नामांकित कंपनीचे, ओळखीच्या दुकानातून घ्यावे. बनावट कार्डे बाजारात आहेत आणि ती ऐन प्रवासात दगा देतात. जादा बॅटरी अवश्य घ्यावी, मात्र विमानप्रवासात ती हातातल्या पिशवीतच ठेवावी, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकण्यास परवानगी नसते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते. कॅमेरा चामडी पाकिटात कपाटात पडून राहण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेला बरा.

छायाचित्रांची खतावणी

हिशेबाची एकच वही कोणताही व्यापारी ठेवत नाही. छायाचित्रांचेही तसेच. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, असा साधा नियम आहे. एक प्रत संगणकावर, एक बाह्य हार्ड डिस्कवर, एक ऑनलाईन किंवा भावाच्या घरी. मुक्कामावर रोज रात्री त्या दिवसाची छायाचित्रे मोबाईलवर उतरवून घेतली, तर कॅमेरा हरवला तरी आठवणी हरवत नाहीत. परतल्यावर निवडक पन्नास छापून घ्यावीत. घरातली वडीलधारी मंडळी कागदावरचीच छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहतात.

प्रवासाआधी किमान दोन आठवडे कॅमेरा घरात वापरून पाहावा आणि तो चालवणे घरातल्या दोघांना तरी शिकवावे. ज्याच्या हाती कॅमेरा असतो तो सगळ्यांना टिपतो आणि स्वतः एकाही छायाचित्रात नसतो, असे अनेक कुटुंबांच्या अल्बममध्ये दिसते. पुष्कळदा ती व्यक्ती घरातली आई किंवा वडीलच असतात. सहलीच्या प्रत्येक दिवशी निदान एकदा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यावा, म्हणजे अल्बममध्ये ती रिकामी जागा राहणार नाही.