माल कुणाचा, जबाबदारी कुणाची?

4 ऑगस्ट 2020 रोजी बैरुत बंदरात झालेल्या स्फोटाने दोनशेहून अधिक माणसांचे प्राण घेतले. स्फोट झालेले सुमारे 2,750 टन अमोनियम नायट्रेट बंदरातील एका गोदामात जवळपास सहा वर्षे पडून होते. त्यानंतर दोनच दिवसांत आपल्या केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने देशभरातील बंदरे व गोदामांमधील धोकादायक मालाची 48 तासांत पडताळणी करण्याचे आदेश दिले. तेव्हा चेन्नईजवळच्या मनाली येथील एका कंटेनर फ्रेट स्टेशनातील सुमारे सातशे टन अमोनियम नायट्रेट देशाच्या नजरेस आले. दक्षिण कोरियातून आलेला आणि 2015 मध्ये जप्त झालेला हा माल 37 कंटेनरांत भरलेला होता. त्याच वर्षाच्या महापुरात त्यातील काही मालाची नासाडीही झाली होती. बैरुतनंतर मात्र ई-लिलावात विकलेला हा साठा काही दिवसांतच हैदराबादकडे रवाना झाला.

पाच वर्षे जे झाले नाही, ते काही दिवसांत झाले. मग अडचण नेमकी कोठे होती?

आयात झालेला माल दुसऱ्याच्या गोदामात ठेवण्याची पद्धत जुनी आहे. 1733 मध्ये ब्रिटनचे रॉबर्ट वॉलपोल यांनी तंबाखू व मद्य सरकारी देखरेखीखालील वखारीत ठेवावे आणि माल बाहेर काढतानाच कर घ्यावा, अशी योजना मांडली. लोकक्षोभामुळे ती मागे घ्यावी लागली. 1803 च्या कायद्याने लंडनच्या गोद्यांत ही कल्पना स्थिरावली. व्यापाऱ्याचे भांडवल करात अडकू नये आणि सरकारचा महसूलही बुडू नये, हे तिचे मर्म.

आपल्या 1962 च्या सीमाशुल्क कायद्यात हेच मर्म आहे. कलम 57 खालील सार्वजनिक गोदामात कोणताही आयातदार माल ठेवू शकतो. कलम 58 चे खासगी गोदाम परवानाधारकाच्या स्वतःच्या मालासाठी असते. आयातदार देय शुल्काच्या तिप्पट रकमेचे बंधपत्र लिहून देतो. सर्वसाधारण माल एक वर्ष ठेवता येतो आणि 90 दिवसांनंतर शुल्कावर व्याज सुरू होते. 2016 च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाचा बदल झाला. बहुतांश गोदामांवरचे सीमाशुल्क अधिकाऱ्याचे कुलूप निघाले. प्रत्यक्ष पहाऱ्याची जागा नोंदवह्या आणि लेखापरीक्षणाने घेतली. सोने-चांदी किंवा शुल्कमुक्त दुकानांचा माल यांसाठीची विशेष गोदामे तेवढी कुलपाखाली राहिली.

हा बदल योग्यच होता. परंतु बंधपत्राची व्यवस्था महसुलाचे रक्षण करते, मनुष्यवस्तीचे नव्हे. शुल्काची जोखीम रुपयांत मोजता येते. तेलशुद्धीकरण कारखान्याच्या परिसरात ठेवलेल्या स्फोटजनक रसायनाची जोखीम कोणत्याही बंधपत्रात बसत नाही.

त्यातही मनालीचा माल बंधित गोदामातील नव्हता. तो जप्तीचा होता आणि अशा मालाचे गणित वेगळे असते. कंटेनर फ्रेट स्टेशनाचा चालक कायद्याने मालाचा अभिरक्षक असतो. मात्र 2009 च्या विनियमांनुसार सीमाशुल्क विभागाने जप्त केलेल्या किंवा अडवून ठेवलेल्या मालावर त्याने भाडे अथवा विलंबशुल्क आकारायचे नसते. लिलाव झाला तरी कलम 150 नुसार विक्रीचा खर्च, वाहतूकदाराचे देणे आणि शुल्क वळते झाल्यावरच अभिरक्षकाची पाळी येते. आयातदार न्यायालयात झगडत असतो किंवा मालावर पाणी सोडून मोकळा झालेला असतो. अधिकाऱ्याच्या दृष्टीने, वाद प्रलंबित असताना विकलेला माल उद्या अंगाशी येऊ शकतो. न विकलेल्या मालाचा जाब सहसा कोणी विचारत नाही. अशा रचनेत प्रत्येकजण नियमाने वागतो आणि माल जागचा हलत नाही.

वास्तविक कायद्यात वाट आहे. कलम 110 च्या पोटकलम 1अ नुसार नाशवंत किंवा धोकादायक स्वरूपाचा माल अधिसूचित करून जप्तीनंतर लगेच त्याची विल्हेवाट लावता येते. मालाची यादी व नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घेतले की पुरावाही शाबूत राहतो. न्यायालयाचा निकाल आयातदाराच्या बाजूने लागला, तर विक्रीची रक्कम त्याला देता येते. माल सांभाळत बसण्यापेक्षा पैसा सांभाळणे सोपे आणि निर्धोक आहे.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. धोकादायक मालाच्या जप्तीबरोबरच विल्हेवाटीची तारीख लेखी ठरावी आणि ती टळल्यास वरिष्ठांनी कारण नोंदवावे. अभिरक्षकाला अशा मालाच्या सुरक्षित साठवणुकीचा खर्च मिळावा. फुकटच्या पहाऱ्यात दक्षतेची अपेक्षा धरता येत नाही. आणि कोणत्या गोदामात कोणते रसायन किती दिवसांपासून आहे, याची माहिती जिल्हाधिकारी व अग्निशमन दलाला नियमितपणे मिळावी. चेन्नईइतकीच ही गरज न्हावा-शेवा बंदरामुळे उरण-पनवेल पट्ट्यात उभ्या राहिलेल्या गोदामांना आहे.

2020 मध्ये 48 तासांत पडताळणी करता आली, याचा अर्थ यंत्रणा अक्षम नव्हती. तिला तारीख दिलेली नव्हती, एवढेच. ती तारीख पुढच्या वेळी दुसऱ्या देशातील स्फोटाने ठरवू नये.