फंडाचं सोनं करावं का?

एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाला टेकला. अशा वेळी ज्याच्या हाती नुकतेच फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे पडले आहेत, त्याला सगळी पुंजी सोन्यात घालावीशी वाटली तर नवल नाही. सोनं सांभाळून ठेवणाऱ्याचं सहसा भलं झालं आहे, हे खरंच आहे. पण निवृत्त माणसाला ते नुसतं सांभाळून ठेवता येत नाही. सोनं व्याज देत नाही; घरखर्चासाठी ते मोडावंच लागतं, आणि कधी मोडायचं हे भाव पाहून ठरत नाही, किराणा आणि औषधं ठरवतात.

2012 साली दहा ग्रॅमचा सरासरी भाव 31 हजारांच्या आसपास होता. 2015 साली तो 26 हजारांवर उतरला आणि 31 हजारांवर परत यायला 2018 उजाडलं. 2012 च्या अखेरीस कुणी 20 लाखांचं सोनं घेतलं असतं, तर ते सुमारे 645 ग्रॅम भरलं असतं. महिना 20 हजारांचा खर्च त्यातून भागवायचा, तर वर्षाला ऐंशी-नव्वद ग्रॅम मोडावे लागले असते, आणि भाव पडलेल्या वर्षी अधिक. पाच वर्षांनी उरलं असतं जेमतेम साडेसहा लाखांचं सोनं. 2021 च्या सुमारास तेही संपलं असतं. लाखाचा भाव आला तेव्हा विकायला गुंजभर सोनं शिल्लक नसतं! 2012 च्या अखेरीस ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा 15 लाख होती आणि व्याज 9.3 टक्के. तिथे 15 लाख ठेवून दर तिमाहीला 34,875 रुपये मिळाले असते. कमी पडणारी रक्कम बँकेतल्या उरलेल्या पाच लाखांतून काढली, तरी पाच वर्षांनी ते 15 लाख जसेच्या तसे राहिले असते.

या हिशेबात घडणावळ धरलेलीच नाही. दहा लाखांच्या सोन्याचे दागिने 12 टक्के घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी देऊन घेतले, तर बिल साडेअकरा लाखांवर जातं. मोडताना सराफ घडणावळ मोजत नाही, वर घट धरतो. म्हणजे भाव पंधरा टक्के चढेपर्यंत निव्वळ तोटाच. वेढणी घेतली तर घडणावळीचा बोजा बराच हलका होतो, पण जीएसटी चुकत नाही.

यावर आक्षेप येतो, बँका तरी कुठे सुरक्षित आहेत? तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्यात किती म्हाताऱ्या माणसांची औषधं अडली असतील! पण त्यावरचा उपाय ठेवी वेगवेगळ्या बँकांत विभागणं हा आहे. ठेवीचा विमा 2020 पासून प्रत्येक बँकेमागे पाच लाखांचा आहे, आणि पोस्टाच्या योजनांमागे सरकार उभं आहे. महागाईचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. ठरावीक व्याजाची किंमत दहा-पंधरा वर्षांत निम्म्यावर येऊ शकते. म्हणूनच पुंजीचा दहावा हिस्सा, फार तर थोडा अधिक, सोन्यात असावा असं माझं मत आहे. मात्र तो लवकर मोडावा लागणार नाही, अशी इतर पैशांची तजवीज आधी हवी.

आणि तो हिस्सा पाच-दहा ग्रॅमच्या तुकड्यांत, हॉलमार्कचा आणि पावतीसह घ्यावा, म्हणजे गरजेपुरतंच मोडता येतं. लॉकरमध्ये ठेवताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: चोरी झाली किंवा आग लागली, तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरतीच आहे. भाडं तीन हजार असेल, तर आत कितीही सोनं असो, भरपाई जास्तीत जास्त तीन लाख.