उपग्रहाच्या फोटोत आपला किनारा नेमका कुठे? माड पाण्यात आणि कांदळवन जमिनीवर का दिसते, समजून घ्या

मालवण : माझा भाचा कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम खेळतो. चिपी विमानतळावरून उडायचं, कर्ली खाडीवरून देवबागला वळायचं, सिंधुदुर्ग किल्ल्याला फेरी मारून परत यायचं. परवा त्याने हाक मारली, "मामा, बघ, आपले माड पाण्यात गेले!" बघतो तर खाडीकाठची माडाची बाग पाण्यात, आणि जिथे भरतीला होडी फिरते ते कांदळवन मात्र जमीन म्हणून दाखवलेलं.

आम्ही हसलो. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आकाशातून काढलेल्या फोटोत पाणी कुठे आणि जमीन कुठे, हा प्रश्न गेम बनवणाऱ्यापुढे असतो, तसाच सीआरझेडचा नकाशा बनवणाऱ्यापुढेही असतो. त्या नकाशातल्या रेषेवर आपल्या घराची परवानगी अवलंबून असते.

यंत्र पाणी कसं ओळखतं?

साध्या रंगीत फोटोत खोल पाणी काळपट हिरवं दिसतं. माडाच्या बागेची सावलीही तशीच दिसते. ऊन पाण्यावर चमकलं की पाणी पांढरं दिसतं, आणि लाटेचा फेस वाळूसारखा. म्हणून नुसत्या रंगावर विसंबलं तर गल्लत होते.

उपग्रहाला मात्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपता येतो. पाणी हा प्रकाश शोषून घेतं, हिरवा पाला तो जोरात परत फेकतो. त्यावरून एक सोपं गणित करतात. हिरव्या प्रकाशाच्या आकड्यातून अवरक्ताचा आकडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा पाण्यावर हिरवा ८ आणि अवरक्त २ आला, तर उत्तर अधिक ०.६. बागेवर हिरवा ८ आणि अवरक्त ३२ आला, तर उत्तर उणे ०.६. ढोबळमानाने उत्तर अधिक आलं तर पाणी, उणे आलं तर जमीन.

मग चूक कुठे होते?

पहिली अडचण कांदळवनाची. मुळं भरतीच्या पाण्यात असली तरी वरून पालाच दिसतो. यंत्र म्हणतं, जमीन.

दुसरी आपल्या शेतीची. लावणीच्या वेळी कुणगा पाण्याने भरलेला असतो. पावसात सड्यावर कातळातल्या खळग्यांत पाणी साचतं. त्या दिवसाच्या फोटोत हे सगळं पाणीच. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे साधा फोटो बहुतेक मिळतच नाही. तेव्हा रडारचे उपग्रह कामी येतात. रडारला ढग आडवे येत नाहीत आणि शांत पाणी त्यात काळं दिसतं. पण खवळलेल्या समुद्रावर तेही गोंधळतं.

तिसरी अडचण फोटोच्या बारकाईची. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह फुकट फोटो देतो. त्यातला सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा. त्या गुंठ्यात अर्धी वाळू आणि अर्धं पाणी असेल, तर यंत्राने काय म्हणायचं?

चौथी आणि सगळ्यात मोठी अडचण भरती-सुकतीची. उपग्रह सकाळी ठरलेल्या वेळेला डोक्यावरून जातो. भरती मात्र रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. त्यामुळे एका फोटोत सुकती, दुसऱ्यात भरती. किनाऱ्याचा उतार ३० मीटरला १ मीटर असेल आणि पाणी २ मीटर चढलं, तर काठ ६० मीटर आत येतो. समुद्राने एक कणही वाळू खाल्लेली नसते, तरी दोन फोटोंत दोन किनारे दिसतात.

सीआरझेडची रेषा वेगळी

सीआरझेडची उच्चतम भरती रेषा म्हणजे उधाणाच्या मोठ्या भरतीला पाणी जिथवर चढतं ती रेषा. ती एका फोटोतून निघत नाही. वाळूचे उंचवटे, झाडोऱ्याची सीमा, खडक, खारफुटी अशा खुणा पाहून ती ठरवावी लागते.

२०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट वस्ती नसलेल्या ग्रामीण भागात, समुद्राच्या बाजूने या रेषेपासून २०० मीटर हा ना-विकास क्षेत्राचा पट्टा आहे. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. अधिकृत जुन्या घराच्या दुरुस्तीला त्यात वाव आहे, पण नवीन बांधकामाला कडक अटी आहेत. देवबागसारख्या गावात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. तिथे रेषा थोडी हलली तरी घर पट्ट्यात जातं किंवा बाहेर येतं.

नकाशाचं प्रमाणही बघा. १:२५,००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. नुसत्या पेनाच्या रेघेखाली एखाद्याचं अंगण झाकून जाईल. म्हणून आपल्या सर्व्हे नंबरसाठी गावपातळीचा मोठ्या प्रमाणातला नकाशाच मागा.

आपण काय करायचं?

उधाणाच्या दिवशी पूर्ण भरतीला पाणी कुठवर येतं त्याचा फोटो काढा. विहीर, गडगा, देवळाची पायरी अशी न हलणारी खूण त्यात येऊ द्या. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. अमावस्या-पौर्णिमेला असं दोन-तीन वेळा करा. वादळातलं पाणी वेगळं नोंदवा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात चढलेलं पाणी ही रोजची भरती नव्हे.

गुगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटोही पाहता येतात. पण एका फोटोवरून समुद्र आत आला किंवा मागे गेला असं म्हणू नका. आधी भरतीची वेळ जुळवा.

मसुदा नकाशा जाहीर होतो तेव्हा लोकांच्या हरकती-सूचना घेतात. त्या वेळी नुसतं "रेषा चुकली" म्हणून भागत नाही, सर्व्हे नंबर आणि फोटो पुढे ठेवावे लागतात. रेषा नाहक आत आली तर पोराचं घर अडतं, आणि नाहक समुद्राकडे सरकली तर तेच घर उद्या उधाणाच्या तोंडी जातं. दोन्हींत नुकसान आपलंच.

भाच्याच्या गेममधली बाग पाण्यात गेली तरी आमच्या माडांचं काही बिघडलं नाही. नकाशाचं तसं नाही. येत्या उधाणाला मोबाईल घेऊन वेळेवर जा.