गाडीतला तेलकट वास : अत्तर नको, उगम शोधा



ऊस उभा चिरून नाकाला लावण्याची सवय आम्हां शेतकी खात्यातील माणसांना असते. आत लाल रंग, मधेमधे आडवे पांढरे पट्टे आणि आंबूस, दारूसारखा वास आला की समजावे, लाल कूज. मग वरून काही शिंपडून भागत नाही. ते बेट मुळासकट काढावे लागते. हे सारे ठाऊक असूनही स्वतःच्या जुन्या जीपच्या बाबतीत आम्ही नेमकी उलटी चूक केली. ती सांगतो, म्हणजे आपल्याकडून ती होणार नाही.

गेल्या हंगामात जीपमध्ये करपट, तेलकट वास येऊ लागला. आम्ही आरशाला अत्तराची बाटली टांगली. वास दबला, आम्ही निर्धास्त झालो. आठ दिवसांनी घरची मंडळी घेऊन कळ्याकडे निघालो आणि फुलेवाडीजवळ उसाच्या गाड्यांमागे बराच वेळ अडकलो. मागे बसलेली धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, डोकं दुखतंय, मळमळतंय." काचा खाली केल्या, तिला बाहेर मोकळ्या हवेत बसवले, तेव्हा तिला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरात नेली. मिस्त्रींनी आधी ती बाटली काढून आमच्या हातात दिली. "साहेब, ह्यानं इंजिन बरं होतंय व्हय?" मग बॉनेट उघडले. टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक होऊन चिरले होते. त्यातून झिरपलेले तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून जळत होते. शिवाय मॅनिफोल्डच्या जोडातून धूर निसटत होता. दोन्ही पॅकिंगे बदलली, सांडलेले तेल पुसून काढले, वास गेला.

हा वास आत येतो कसा? गाडीत येणारी ताजी हवा बहुधा पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या कडेवरूनच घेतली जाते. गाडी पळत असली की धूर मागे उडून जातो. उभी राहिली की तोच जाळीतून आत येतो. म्हणून फाटकाशी, नाक्यावर वास वाढत असेल तर संशय इंजिनावर घ्यावा.

घरच्या घरी करावयाची तपासणी अशी :

१) आधी गाडीच्या आत पाहावे. पायपुसण्या उचलाव्यात, डिकी रिकामी करावी. इंजिन-पंपासाठी नेलेला डिझेलचा कॅन कलंडलेला असतो आणि आपण दोष गाडीला देतो. सांडलेले डिझेल लाकडाच्या भुश्याने टिपून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे.

२) बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवण्याची कळ लावून थोडाच वेळ पाहावे. वास कमी झाला तर तो बाहेरून, बहुतेक इंजिनाकडून येतो. तसाच राहिला तर आतून.

३) रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरावा. सकाळी तपकिरी-काळा डाग दिसला तर इंजिनचे तेल. स्वच्छ पाणी असेल तर ते बहुधा एसीचे; त्याची काळजी नको.

४) नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर तेलाचे झाकण घट्ट आहे का ते पाहावे. तेल ओतताना सांडलेले थेंब एक-दोन दिवसांत जळून जातात. त्यानंतरही वास राहिला तर मिस्त्री गाठावा.

वासाची जातही ओळखता येते. करपट वास म्हणजे तापल्या लोखंडावर पडणारे तेल. कच्च्या डिझेलचा वास म्हणजे फिल्टर, नळी किंवा जोड गळतो आहे. गोडसर वास आणि काचेला आतून चिकट वाफ म्हणजे हीटरमधून कुलंट गळते आहे. कुबट वास तेलाचा नव्हे, एसीच्या तुंबलेल्या पाण्याचा. नळी मोकळी करावी आणि हवेचा फिल्टर बदलावा. पेट्रोलचा वास आला तर मात्र गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांना खाली उतरवावे. विडी-काडी जवळपासही नको.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बी.एस.६ डिझेल गाड्यांचे एक वेगळे आहे. त्यांच्या धुराच्या मार्गातील गाळणी अधूनमधून साठलेली काजळी स्वतः जाळते, तेव्हा थोडा वेळ गरम वास येतो. तो आपोआप जातो. रोज येऊ लागला तर दाखवून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा वायू येतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके जड होणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. म्हणजे तेलकट वास हा आपला शत्रू नाही, तो वेळेवर हाक मारणारा राखणदार आहे. आम्ही अत्तराने त्याचेच तोंड बंद केले होते.

हंगामात गाडीतळावर रात्र काढणाऱ्या वाहतूकदारांना हे विशेष सांगणे आहे. थंडी लागते म्हणून काचा लावून, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये कधीही झोपू नये. घोंगडे जादा घ्यावे, पण इंजिन बंद करावे. आपल्या गाडीवानांना, मुलांनाही हे सांगावे.

तोडणी सुरू होण्याआधी पाचटाची, पाण्याची तजवीज आपण करतोच. त्याच दिवशी अर्धा तास गाडीसाठी काढावा : बॉनेट उघडावे, कव्हरच्या कडेने बोट फिरवावे, खाली वाकून सायलेन्सर पाहावा. बोटाला ओले तेल लागले तर उद्यमनगर काही लांब नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी