उत्तर खिशात ठेवून विचारलेले प्रश्न

मागच्या भागात आपण विचारांची नोंद कशी ठेवायची ते पाहिलं. प्रसंग, त्या क्षणी मनात चमकून गेलेला विचार, त्यामागून आलेली भावना आणि तिची तीव्रता. बरेच जण इथवर येतात आणि अडतात. विचार कागदावर उतरला, आता त्याचं करायचं काय? ‘असा विचार करू नकोस’ असं सांगणारी माणसं घरात, शेजारी, ऑफिसात भरपूर असतात. त्यांच्या सांगण्याने विचार गेला असता, तर कोणी थेरपिस्टकडे आलंच नसतं. सीबीटीत, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत, म्हणूनच सल्ल्याच्या जागी प्रश्न येतात. या पद्धतीला सॉक्रेटिक प्रश्नपद्धती म्हणतात.

या नावाने थोडी फसगत होते. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला भूमितीचा प्रश्न सोडवायला लावतो. चौरस दुप्पट क्षेत्रफळाचा करायचा, तर बाजू किती घ्यायची? मुलाची पहिली दोन उत्तरं चुकतात आणि शेवटी तो बरोबर उत्तराशी पोचतो. पण संवाद वाचताना लक्षात येतं की मुलगा बहुतेक वेळ नुसता ‘हो’ म्हणतोय. उत्तर सॉक्रेटिसला आधीपासून माहीत आहे, आकृतीही तोच काढतोय. भूमितीत हे चालून जातं. मनाच्या बाबतीत चालत नाही, कारण समोरच्याच्या आयुष्याचं उत्तर थेरपिस्टकडे नसतंच. शिवाय अथेन्समध्ये सॉक्रेटिसशी बोलून किती जण चिडून निघून गेले, हेही प्लेटोनेच लिहून ठेवलंय. उपचार घ्यायला आलेल्या माणसाला निरुत्तर करून काय मिळवायचं?

फिलाडेल्फियाचे अॅरन बेक (१९२१–२०२१) हे मूळचे फ्रॉइडच्या परंपरेतले मनोविश्लेषक. कोचावर पडून मनात येईल ते बोलणारी त्यांची एक पेशंट अस्वस्थ वाटायची. बेकनी स्वतःच्या सिद्धांतानुसार त्या अस्वस्थतेचा अर्थ लावला. पण नीट विचारल्यावर निघालं वेगळंच. बोलत असताना तिच्या मनात दुसरा एक विचार सतत चालू होता: माझं बोलणं ऐकून डॉक्टर कंटाळलेत. या समांतर प्रवाहाला बेकनी पुढे ‘आपोआप येणारे विचार’ म्हटलं, आणि १९७९ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या ‘कॉग्निटिव्ह थेरपी ऑफ डिप्रेशन’ या पुस्तकात प्रश्नांना मानाची जागा दिली. मला या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते हे की बेकचा अंदाज चुकला होता, आणि विचारल्यामुळेच तो चुकलाय हे त्यांना कळलं.

महाराष्ट्रात या विषयाचा दुसरा धागा बऱ्याच वाचकांच्या ओळखीचा असेल. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि इथे रुजवली. एलिस यांची शैली थेट भिडण्याची. ‘असं झालंच पाहिजे, हे कुठे लिहिलंय?’ असा रोखठोक सवाल ते टाकत. बेक यांची चाल संथ, आपण मिळून शोधू या, अशी.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इंजिनीअरिंगला असलेल्या मुलाचे दोन विषय राहिलेत. आईच्या नोंदीत वाक्य आहे: ‘मी आई म्हणून नापास झाले.’

‘पण बाकी सगळं तुम्ही किती छान केलंत, नाही का?’ असं थेरपिस्टने विचारलं, तर बाई सभ्यपणे ‘हो’ म्हणतील आणि तोच विचार घेऊन घरी जातील. तो प्रश्न नव्हताच, प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला होता. आता हे पाहा.

“नापास म्हणजे नेमकं काय, सांगाल?”

“माझं लक्ष असतं, तर ही वेळ आली नसती.”

“निकाल तुम्हाला कसा कळला?”

“त्यानेच फोन केला. हॉस्टेलवरून. रडत होता.”

“घरात आणखी कोणाला सांगितलं त्याने?”

“नाही हो. बाबांना इतक्यात सांगू नकोस म्हणाला.”

“म्हणजे दोन विषय राहिलेत, तुम्हाला अपराधी वाटतंय, आणि सगळ्यात आधी त्याने फोन केला तो तुम्हाला. बरोबर मांडतेय ना मी?”

“हो.”

“मघाच्या वाक्याशेजारी हे ठेवलं, तर काय दिसतं?”

“... अभ्यासाचं माहीत नाही, मॅडम. पण बोलायला त्याला मी लागते.”

फोनची गोष्ट थेरपिस्टला ठाऊक नव्हती. ती शोधायला ती निघालीही नव्हती. आणि बाईंचं दुःख संपलेलं नाही, फक्त ‘नापास’ हा एकच शेरा आता पुरत नाही.

१९९३ साली लंडनच्या एका परिषदेत क्रिस्टीन पडेस्की यांनी हाच मुद्दा काढला होता: समोरच्याचं मत बदलायचंय की त्याच्याबरोबर शोध घ्यायचाय? त्यांनी सांगितलेल्या चार पायऱ्या वरच्या संवादात आहेत. माहिती काढणारे प्रश्न, मन लावून ऐकणं, मिळालेलं एकत्र मांडणं, आणि मग त्याची मूळ विचाराशी सांगड घालायला लावणारा प्रश्न. नवशिके पहिल्या पायरीवर जोरात असतात. तिसरी हमखास गाळतात आणि मग संभाषणाची उलटतपासणी होते. ‘का’ने सुरू होणारे प्रश्नही जपून वापरावेत. आपल्याकडे ‘का केलंस?’ हा लहानपणापासून आरोप म्हणूनच ऐकलेला असतो. काय, कसं, केव्हा यांना माणूस सहज उत्तर देतो.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये नैराश्याच्या ५५ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या सत्रात थेरपिस्टने असे प्रश्न अधिक वापरले, त्यानंतरच्या सत्रापर्यंत लक्षणं अधिक उतरलेली दिसली, आणि थेरपिस्टशी जुळलेल्या नात्याचा वाटा वेगळा काढला तरी हा संबंध टिकला. अभ्यास लहान आहे, तेवढंच वजन त्याला द्यावं.

काही ठिकाणी मात्र हे हत्यार म्यानातच बरं. नवरा मारतो असं सांगणाऱ्या बाईला ‘याला पुरावा काय?’ विचारणं हा क्रूरपणा आहे. तिथे विचार तपासायचा नसतो, सुरक्षितता पाहायची असते. ताज्या दुःखात माणसाला सोबत हवी असते. तीव्र नैराश्यात विचारांची गतीच मंदावते, तिथे आधी दिनक्रमाला हात घालावा लागतो. आणि आत्महत्येचा संशय आला तर आडवळणाने नाही, सरळ विचारायचं आणि लगेच मदत मिळवायची.

वरच्या उदाहरणातल्या बाईंपुढे आता एक नवाच प्रश्न आहे: मुलाला आपल्याकडून नेमकं काय हवंय? त्याचं उत्तर थेरपिस्टच्या खोलीत मिळणार नाही, त्याला विचारूनच कळेल. असे छोटे प्रयोग कसे आखायचे आणि ते फसले तर काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.