जुन्या गाडीची ब्रेक लाइन बदलताय? आधी हे वाचा

गेल्या रविवारी मित्राच्या पद्मिनी गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचललं. ब्रेक सोडूनही ते फिरेना!

दोष रबरी होजचा होता. बाहेरून धडधाकट, पण आतून फुगलेला. पाय दाबला की ऑइल चाकापर्यंत पोचायचं, परत मात्र येत नव्हतं.

नवी लाइन घेताना तीन गोष्टी बघाच.

१) आटे: ३/८ इंची नट १० मिमीच्या आट्यात सैलसर बसतो. वरवर ठीक वाटतं, पण जोरात ब्रेक दाबल्यावर तो निसटू शकतो.

२) पाइपचं तोंड: डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नट कितीही आवळा, ऑइल गळतंच.

३) धातू: एसीची साधी तांब्याची नळी कधीच नको. कंपनांनी ती कडक होऊन तडकते. स्टील किंवा तांबं-निकेलचीच घ्या.

जुना पाइप फेकू नका, नमुना म्हणून दुकानात न्या. होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो ताणला जात किंवा घासत नाही ना, हे बघा. मग ब्लीडिंग करून सगळी हवा काढा.

तुमच्याकडे कोणती जुनी गाडी आहे? काही अडलं तर बिनधास्त विचारा.